डब्यातलं इंजिन

अब्बांची टॅक्सी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं. मी तिला ‘डबा’ म्हणायचो. गॅरेजवाले चाचा रागवायचे. “बेटा, मद्रासजवळ शोलावरमला हीच फियाट शर्यतीत धावायची!”

मग ते समजावायचे. हेड थोडं घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, पोर्ट गुळगुळीत केले की इंजिन मोकळा श्वास घेतं, जोडीला मोठा कार्ब्युरेटर. मात्र जास्त घासलं तर इंजिन ठोके देतं, पिस्टन जातो.

मी हट्ट धरला. अब्बांनी हेडला हात लावू दिला नाही. घर त्याच इंजिनावर चालत होतं.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा प्रवास संपला. ‘डबा’ हा शब्द मला त्या दिवशी परत घ्यायचा होता. ऐकायला अब्बा नव्हते.