टर्बोची गाडी आणि इंधनाचा पंप



विहिरीवर मोटार बसवायची म्हटली की आपला शेतकरी दुकानदाराला आधी हेड सांगतो. पाणी किती फूट चढवायचं, हे ठरल्याशिवाय पंप घ्यायचा नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. कारण जो पंप वीस फुटांवर पाट भरून देतो, त्याचीच धार शंभर फुटांवर बारीक होते. टर्बोच्या गाडीसाठी इंधनाचा पंप निवडताना हेच शहाणपण कामाला येतं, आणि पुष्कळजण नेमकं तेच विसरतात.

इंधनाचा पंप म्हणजे रस्त्याकडेचा पेट्रोलपंप नव्हे. गाडीच्या टाकीत, पेट्रोलमध्येच बुडालेला एक लहानसा विजेवरचा पंप असतो, त्याविषयी मी बोलतो आहे. आणि टर्बो म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची, १९०५ सालची. प्रवासी गाड्यांत ती १९६२ साली अमेरिकेत आली. हवा जास्त, म्हणून ताकद जास्त. पण त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोलही जास्त हवे.

कारखान्यातून आलेल्या गाडीला तिच्यापुरता पंप असतोच. प्रश्न उभा राहतो तो ताकद वाढवायची ठरली म्हणजे. पंप अपुरा पडला तर गाडी नुसती मंद होत नाही. ऐन भारात हवा पुरती आणि पेट्रोल कमी, असे झाले की आतली उष्णता वाढते, मिश्रण अवेळी भडकते, खडखड ऐकू येते आणि काही क्षणांत पिस्टन वितळून त्याला भोक पडू शकते. पंपावर वाचवलेल्या पैशांत मग इंजिन जाते.

तेव्हा आधी हिशेब करावा. पूर्ण भारात टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम इंधन लागते. ३०० अश्वशक्ती हवी असेल तर ताशी ८१ किलो. पेट्रोलचा लिटर पाऊण किलोच्या आसपास भरतो. म्हणजे झाले सुमारे ११० लिटर. वर वीस टक्के शिल्लक धरा, म्हणजे १३० लिटर. इंधनात इथेनॉल जास्त असेल तर आकडा आणखी वाढवावा, कारण इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते.

आता हेडची गोष्ट. इंजेक्टरमागे साधारण ३ बार दाब ठेवतात. पाण्याच्या भाषेत १०० फूट. टर्बोने १ बार हवा भरली, की ती हवा इंजेक्टरच्या तोंडाशी उलट रेटा देते. म्हणून दाब राखणारा रेग्युलेटर इंधनाचा दाबही तेवढाच वाढवतो. झाले ४ बार, म्हणजे सुमारे १३४ फूट! थोडक्यात, इंजिनाला सर्वांत जास्त इंधन हवे असते, त्याच वेळी पंपाला सर्वांत उंच चढ असतो. बाजारात ‘ताशी २५५ लिटर’ अशा आकड्याचे पंप मिळतात. हा आकडा कोणत्या दाबावरचा आणि किती व्होल्टवरचा, ते विचारावे. आपल्या दाबावर तो किती देतो, तेवढाच आकडा खरा.

व्होल्टचं दुखणंही आपल्या ओळखीचं आहे. लाइन कमी आली की विहिरीवरचा पंप मरगळतो. गाडीतही जुन्या बारीक तारेतून वीज कमी पोचली की नवा पंप जुन्यासारखाच वागतो. जाड तार आणि स्वतंत्र रिले घालावा.

मग फार मोठाच पंप का घेऊ नये? कारण इंजिन नुसते चालू असताना उरलेले पेट्रोल परतीच्या नळीतून टाकीत जाते. नळी अरुंद असली तर दाब अकारण चढतो, आणि फिरून फिरून पेट्रोलही तापते. काहीजण दोन पंप घालतात. दुसरा फक्त भारात सुरू होतो. सोय चांगली, पण तो बिघडला तर ऐन भारात येईपर्यंत कळत नाही. शक्यतो टाकीत पुरेशा कुवतीचा एकच पंप बरा. अलीकडच्या कित्येक गाड्यांत इंजिनावर दुसरा, फार मोठ्या दाबाचा पंप असतो. तिथे दोघांचीही कुवत पाहावी लागते.

पंप बसवल्यावर दाबमापक लावून पूर्ण भारात तपासणी करावी. टर्बोचा दाब चढतो तितका इंधनाचा दाब चढला नाही, तर पाय ताबडतोब उचलावा. शिक्षकबंधूंनी हाच हिशेब दाबाच्या धड्यात मुलांकडून करून घ्यावा.

एक गोष्ट कायद्याची. नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणे करता येत नाही. ते आधी पाहावे, मग गरज मोजावी, आणि दुकानाची पायरी शेवटी चढावी.