दार कोणी लावले?

श्रोतेहो, बैलगाडी भरण्यात काय मोठे शास्त्र आहे, असे एखादा शहरातला माणूस म्हणेल. आपण म्हणणार नाही. कडब्याच्या पेंढ्या असोत, उसाच्या मोळ्या असोत की धान्याची पोती असोत, गाडी भरणारा आधी ओझ्याचा तोल पाहतो. ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाले तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. आणि दोर नीट आवळला नाही, तर पहिल्याच ओढ्याच्या उतारावर अर्धा माल खाली! ज्याला एवढे कळते, त्याला माझा आजचा विषय अवघड जाणार नाही. विषय आहे प्रवासी विमानात सामान भरण्याचा, आणि ते भरणाऱ्या माणसांचा.

मी महाविद्यालयात शिकवतो. विमानविद्या हा काही माझा विषय नव्हे. पण माझा एक जुना विद्यार्थी मुंबईच्या विमानतळावर सामान चढविणाऱ्यांच्या टोळीत काम करतो. दिवाळीला तो गावी आला, तेव्हा मला म्हणाला, "सर, तुम्ही विमानात चढता तेव्हा दारात तुम्हाला कोणी तरी नमस्कार करतं. पण तुमच्या पायांखाली आम्ही काय रचून ठेवलं आहे, हे कोणी विचारत नाही." त्याचे हे बोलणे माझ्या मनात राहिले, आणि मी या गोष्टीची माहिती मिळवू लागलो.

विमानाचे पोट म्हणजे दुमजली घर समजा. वरच्या मजल्यावर प्रवासी, खालच्या मजल्यावर सामान. प्रवाशांच्या पेट्यांबरोबर तेथे टपालाच्या थैल्या, फुले, फळे, मासळी, औषधे असा व्यापारी मालही असतो. लहान विमानात हे सारे माणसे ओणवी होऊन हातांनी रचतात. मोठ्या विमानात ते धातूच्या मोठाल्या पेटाऱ्यांत भरून आत सरकवतात आणि जागच्या जागी अडकवतात. कोणत्या कप्प्यात किती किलो, याचा तक्ता तयार होतो आणि तो विमानाच्या कप्तानाच्या हाती पडल्यावाचून विमान हलत नाही. कारण हिशेब बैलगाडीचाच आहे. शेपटीकडे भार फाजील झाला तर नाक वर उचलले जाते, आणि ते आवरेनासे झाले तर विमानाला हवेचा आधार उरत नाही.

दोर सुटल्यावर काय होते, त्याचेही उदाहरण आहे. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बग्राम येथून एक मोठे मालवाहू विमान उडाले. त्याच्या पोटात चिलखती मोटारी बांधलेल्या होत्या. उड्डाण होताच बांधणी सुटली, अवजड मोटार मागे घसरली आणि शेपटीकडील यंत्रणा तिने मोडून टाकली. विमान जमिनीवर कोसळले. आतील सातही माणसे गेली.

जमिनीवरच्या माणसालाही धोका थोडा नसतो. चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावणे, वाहने ठराविक अंतरावर थांबवणे, चालू इंजिनाच्या समोर न जाणे, हे नियम त्याच्याच जिवासाठी आहेत. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विमानतळावर चालू इंजिनाने एका तंत्रज्ञाला आत ओढून घेतले. वादळातल्या झाडाला तरी आपण दुरून पाहतो; इंजिनाची ओढ डोळ्यांना दिसत नाही.

पण आज मला मुख्यतः सांगावयाची आहे ती एका दाराची गोष्ट.

३ मार्च १९७४. स्थळ पॅरिसचे ओर्ली विमानतळ. तुर्कस्तानच्या विमान कंपनीचे डीसी-१० जातीचे विमान इस्तंबूलहून आले होते आणि लंडनला निघायचे होते. त्या दिवसांत एका ब्रिटिश कंपनीत संप चालू होता, म्हणून तिचे कितीतरी प्रवासी याच विमानात चढले. सामान भरून झाले. एका कामगाराने मागचे सामानाचे दार लावले, दांडा खाली ओढून बसवला, आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास विमान उडाले. आठ-दहा मिनिटांत ते साडेअकरा हजार फुटांच्या आसपास पोहोचले असेल-नसेल, तोच ते दार उडून गेले. सुमारे सव्वा मिनिटात विमान एर्मेनोव्हिलच्या जंगलात कोसळले. आत ३४६ माणसे होती. एकही वाचले नाही.

एक दार उघडले, तर एवढे मोठे विमान का पडावे? आपण उंच जातो तशी हवा विरळ होते. प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमानात हवा दाबून ठेवतात. म्हणजे विमान हा एक फुगवलेला फुगाच. ते दार बाहेरच्या बाजूस उघडणारे होते, आणि आतील हवा त्याला काही टनांच्या जोराने बाहेर ढकलत होती. दार गेले, खालच्या मजल्यातील हवा क्षणात निघून गेली. वरच्या मजल्यावर मात्र दाब तसाच होता. त्या भाराने मधली जमीन खचली. आणि शेपटीकडील सुकाणू हलविणाऱ्या तारा नेमक्या त्याच जमिनीखालून गेल्या होत्या. वैमानिकाच्या हातात काही उरले नाही.

आता दार पाहू. आपल्या वाड्याच्या दाराला कडी असते आणि आत अडसर असतो. कडी पुरती बसली नाही तर अडसर सरकू नये, अशी रचना कोणी केली तर ती चांगलीच म्हणायची. या विमानाची रचना तशीच होती. विजेच्या मोटारीने कड्या बसायच्या. मग कामगाराने दांडा ओढला की कड्यांमागे खिट्ट्या सरकायच्या. कड्या अर्धवट असतील तर दांडा बसणारच नाही, असे करणाऱ्यांचे म्हणणे. प्रत्यक्षात आतील सळया इतक्या लवचीक होत्या की खिट्ट्या अडल्या तरी सळया वाकत आणि बाहेरचा दांडा निमूटपणे बसे. बाहेरून पाहणाऱ्याला दार लागलेले दिसे. आत ते लागलेले नसे.

हे कोणाला ठाऊक नव्हते काय? होते! दोन वर्षे आधी, १२ जून १९७२ रोजी, कॅनडातील विंडसर गावावर याच जातीच्या एका अमेरिकन विमानाचे हेच दार असेच उडाले होते. त्या दिवशी विमानात फक्त ६७ माणसे होती, जमीन पुरती खचली नाही, काही तारा शाबूत राहिल्या, आणि कप्तानाने मोठ्या कौशल्याने विमान डेट्रॉइटला उतरवले. सारे वाचले. त्यानंतर पंधरा दिवसांतच, विमानाचा सांगाडा बनविणाऱ्या कंपनीतील एका अभियंत्याने आपल्या वरिष्ठांना लेखी कळवले, की ही दारे पुढेही उघडतील आणि विमान गमावण्याचा प्रसंग येईल. तो कागद फायलीत राहिला. सरकारी खात्याने सक्तीचा हुकूम काढण्याऐवजी कारखानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला. सळया वाकू नयेत म्हणून एक आधारपट्टी बसवायची ठरली. पॅरिसला पडलेल्या विमानाच्या कागदपत्रांत ती बसवल्याची नोंद होती, तपासनिसांचे शिक्के होते. पट्टी मात्र बसवलेलीच नव्हती.

आणखी एक उपाय केला होता. दारात एक लहान काचेची खिडकी ठेवली होती. तिच्यातून पाहिले की खिट्टी बसली आहे की नाही ते दिसे. शेजारी सूचना लावली होती, इंग्रजीत आणि तुर्की भाषेत.

श्रोतेहो, येथे मी शिक्षक मंडळींचे विशेष लक्ष वेधतो. दार लावणारा तो कामगार मूळचा अल्जीरियाचा. त्याला तीन भाषा चांगल्या येत होत्या, पण त्या तिघींत ना इंग्रजी होती, ना तुर्की. त्याला शिकवलेले एवढेच की दांडा बसला आणि त्यासरशी लहान झडप मिटली, की दार लागले. दोन्ही गोष्टी त्याच्या डोळ्यांदेखत झाल्या. दांडा ओढायला त्याला जोरही लावावा लागला नाही. खिडकीतून पाहणे हे त्याचे काम नव्हतेच; ते विमान कंपनीच्या अभियंत्याने पाहावयाचे. त्या दिवशी कोणीही पाहिले नाही.

अपघातानंतर काय झाले असेल, ते तुम्ही ओळखलेच असेल. 'दार कोणी लावले?' हा प्रश्न निघाला आणि बोट त्या कामगाराकडे वळले. त्याला वाचता येत नव्हते, असे बोलले गेले. तीन भाषा येणारा माणूस निरक्षर ठरू पाहत होता, कारण पाटी लावणाऱ्याने त्याची भाषा विचारली नव्हती! पुढे चौकशीत खरा प्रकार उघड झाला. १९७४ मध्येच दारांची रचना बदलणे सक्तीचे झाले, आणि मोठ्या विमानांतील मधली जमीन असा धक्का सोसेल अशी करण्याचे हुकूमही त्यानंतर निघाले. दार लावणारा हात शेवटचा होता, म्हणून दोष त्याचा होत नाही. त्या हातापूर्वी नकाशा काढणारा, शिक्का मारणारा, पत्र फायलीत ठेवणारा आणि पाटी लिहिणारा, असे कितीतरी हात त्या दाराला लागले होते.

ही झाली न वाचता आलेल्या अक्षरांची गोष्ट. खोट्या अक्षरांचीही एक आहे. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेतील मायामीहून अटलांटाला निघालेल्या विमानात पाच खोकी चढवण्यात आली. कागदावर लिहिले होते, प्राणवायूच्या नळकांड्या, रिकाम्या. त्या रिकाम्या नव्हत्या. त्या मुदत संपलेल्या, पण भरलेल्या होत्या. रासायनिक क्रियेने प्राणवायू देताना त्या अतिशय तापतात. त्यांवर सुरक्षेची टोपणे बसवली, अशी सही कागदावर होती, टोपणे नव्हती. 'मुदत संपलेली' आणि 'रिकामी' या दोन शब्दांत कोणी फरक केला नाही. विमानाच्या पोटात आग लागली आणि ते दलदलीत पडले. ११० माणसे गेली. पुढे सामानाच्या कप्प्यांत धूर ओळखणारी आणि आग विझवणारी यंत्रणा बसवणे तेथे सक्तीचे झाले.

आपण म्हणाल, गुरुजी, हे सारे पॅरिस-मायामीचे. आमचा काय संबंध? संबंध आहे. आज आपल्या गावांतील मुले-मुली आखातात नोकरीला जातात, कोणाची लेक परदेशी असते, म्हातारी माणसे नातवंडे पाहायला विमानाने निघतात. तेव्हा पेटी आपणच भरतो. आई मायेने सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पेटीत घालते. गवताची ओलसर गंजी आतून तापते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेलकट खोबरेही असेच आपोआप तापू शकते, म्हणून ते विमानाला धोक्याच्या मालात मोडते. फोन भारण्यासाठी जवळ ठेवतात त्या सुट्या बॅटऱ्या, म्हणजे पॉवर बँक, खालच्या सामानात टाकायच्या नसतात. त्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या, म्हणजे पेटल्याच तर कोणाच्या नजरेस पडतील. खिडकीवर "पेटीत काय आहे?" असे विचारतात, तेव्हा कंटाळून "काही नाही" म्हणू नका. त्या उत्तरावर खालचा माणूस विसंबतो. आणि एका पेटीचे वजन ३२ किलोच्या वर जाऊ देत नाहीत, ते उगीच नव्हे. ती पेटी कोणाच्या तरी कमरेवर पडते.

शेवटी शिक्षकांसाठी एक गोष्ट. मळणी यंत्रावर, फवारणीच्या औषधाच्या डब्यावर, विजेच्या पंपाच्या पेटीवर सूचना असतात. पुष्कळदा त्या बारीक अक्षरांत असतात, आणि घरातल्यांना न येणाऱ्या भाषेत. एखाद्या शनिवारी मुलांना असा एक रिकामा, धुतलेला नव्हे तर नुसते कागदी वेष्टन काढून आणलेला नमुना दाखवा. डबा वर्गात आणू नका. त्यावरील सूचना मराठीत, घरच्या बोलीत, मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा आणि तो कागद ज्याच्या हातून ते काम होते त्याला वाचून दाखवायला सांगा. त्याला कळले नाही, तर दोष लिहिणाऱ्याचा, असा निवाडा वर्गात ठरवून टाका.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी विचारले, "तुला शंका आली तर तू काय करतोस?" तो म्हणाला, "सर, हात वर करतो आणि विमान थांबवतो. दहा मिनिटं उशीर होतो. वर बसलेली माणसं चिडतात."

श्रोतेहो, कधी आपण वर बसलेले असू आणि असा उशीर झाला, तर चिडू नका. खाली कोणी तरी दार पुन्हा पाहत असेल.