पियानोवर गीतकार



पियानोला सूर आहेत, शब्द नाहीत. मग त्यावर गीतकाराचा गौरव कसा व्हावा? प्रश्न वरवर गमतीचा वाटेल; परंतु जनकवी पी. सावळारामांच्या ठाण्यात तो विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हर्बी हॅन्कॉक हे अमेरिकेतील जॅझचे नामांकित पियानोवादक. जॅझमध्ये मूळ चाल आधाराला घ्यावयाची आणि वादकाने ती ऐन वेळी आपल्या बुद्धीने फुलवावयाची, अशी रीत आहे. आपला गवई बंदिशीचा मुखडा धरून विस्तार करतो, तसेच काहीसे. २००७ साली हॅन्कॉक यांनी जोनी मिचेल या लोकप्रिय गीतकर्तीच्या गौरवार्थ 'रिव्हर : द जोनी लेटर्स' ही ध्वनिमुद्रिका काढली. वाजविण्यापूर्वी त्यांनी काय केले? साथीदारांच्या हाती गीतांचे शब्द दिले, अर्थाची चर्चा केली आणि मगच वाद्यांना हात घातला. काही गीते गायिका गातात; त्यांत पंडित रविशंकरांच्या कन्या नोरा जोन्सही आहेत. काही ठिकाणी मात्र केवळ वादन आहे. २००८ साली या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमीचे, वर्षातील सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिकेचे पारितोषिक मिळाले.

आता आपल्या घरी येऊ. मिचेलबाईंचे शब्दही त्यांचे आणि चालही त्यांचीच. आपल्याकडे ही कामे वाटलेली. सावळारामांनी लिहावे, वसंत प्रभूंनी चाल बांधावी, लताबाईंनी गावे. म्हणून गाणे आपण लताबाईंचे म्हणतो. चालीचा विषय निघाला तर प्रभूंचे नाव घेतो. आणि ज्यांनी शब्द लिहिले, जे याच शहराचे नगराध्यक्षही होते, ते मागे राहतात. सासरी निघालेल्या लेकीवरचे त्यांचे गीत ऐकून डोळे न पुसणारी आई विरळाच. पण ते लिहिले कोणी, असे विचारा. उत्तरास वेळ लागतो.

अशा गीताची नुसती चाल वाजविली, तर गौरव प्रभूंचा होईल. सावळारामांचा व्हावयाचा असेल, तर वाट हॅन्कॉक यांनी दाखविलेलीच आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे पेटी आणि सिंथेसायझर वाजविणाऱ्या तरुणांस आमची एवढीच विनंती : ही गीते अवश्य वाजवा, हवी तशी फुलवा, पण आधी चारचौघांत बसून ती वाचा. लेक उंबऱ्याशी अडखळते तेथे सूर किती थांबावा, हे मात्रा मोजून कळणार नाही. ते कवीलाच विचारावे लागेल.