साधा झगा आणि वरचा शेला
(जुबिलीनिमित्त ख्रिस्तमंदिरांत केलेलें भाषण)



जुबिलीच्या निमित्तानें आम्हीं आपल्या धर्मग्रामाची लग्नांची वही चाळली. तींत नांवें आहेत, तारखा आहेत, साक्षीदारांच्या सह्या आहेत. परंतु कोणत्या वधूनें कोणता पोशाख केला होता याची एकही नोंद नाहीं. जें लिहून ठेवणें ख्रिस्तसभेस अगत्याचें वाटलें नाहीं, त्याच्याचपायीं आज कित्येक घरें कर्जांत बुडतात, हें आम्हांस दुःखानें सांगावें लागतें.

पांढरा भारी झगा हा लग्नसंस्काराचा नियमच आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. युरोपांतही पूर्वीं वधू रंगीत वस्त्रें घालीत. १८४० सालीं इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनें आपल्या विवाहांत पांढरें साटीन वापरलें, आणि त्यानंतर ती चाल बळावली. तिच्याहून फार पुरातन आहे ती वरच्या आच्छादनाची चाल. रूथनें बवाजास आपलें पांघरूण तिजवर पसरण्याची विनंती केली. चौथ्या शतकांत संत आंब्रोज यांनीं विवाहप्रसंगींच्या ओढणीचा व धर्मगुरूच्या आशीर्वादाचा एकत्र उल्लेख केला आहे. आमच्या महाराष्ट्रांत साध्या पिवळ्या अष्टपुत्रीवर शेला येतो. गोव्यांत ख्रिस्ती स्त्रिया नेसत्या वस्त्रावर पांढरा वोल घेऊन मंदिरांत जात. खालीं साधें, वर मानाचें, अशी ही रीत आहे. विवाहविधींतील प्रशंसनीय स्थानिक चाली राखाव्या, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंही १९६३ सालीं सांगितलें.

आतां आमची स्वतःची चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एक मुलगी घरीं शिवलेला बिनझालरीचा सुती झगा घालून, त्यावर आजीचा शेला घेऊन वेदीपुढें आली. "हें येथें शोभत नाहीं," असें म्हणून आम्हीं तो शेला काढावयास लावला. ती कांहीं बोलली नाहीं. घडी घालून तिनें तो आईच्या हातीं दिला. पुढें धाकटीच्या लग्नांत बापानें उसनवारी करून साटिनीचा भारी झगा आणविला, आणि तें देणें फेडतांना त्याची बैलजोडी गेली. त्या बैलजोडीचें पाप आमच्याही माथीं आहे.

बंधुजनहो, आपलें खामगांव कापसाचें गांव. कापसाच्याच व्यापारासाठीं १८७० सालीं जलंबपासून येथवर आगगाडीचा फांटा आला. वैशाखांत पारा चाळीस अंशांवर जातो, आणि अशा उन्हांत आपली लेक साटिनीच्या घड्यांत घामाघूम होऊन वचन देते! त्यापेक्षां साधा सुती झगा शिवावा. त्यावर समोरून उघडा, लांब बाह्यांचा पातळ अंगरखा, अखूड जाकीट किंवा आजीचा शेला असावा. मिस्सेंत खांदे झांकले जातील. जेवणाच्या वेळीं तें वस्त्र उतरून ठेवतां येईल. आणि झगा पुढें रविवारीं वापरतां येईल.

आमची विनंती एकच. या जुबिलीची आठवण म्हणून भगिनींनीं एक चांगला अंगरखा शिवून मंदिराच्या पेटींत ठेवावा. श्रीमंताच्या व मजुराच्या लेकीनें तोच पांघरावा. पहिला शेला त्या पेटींत आम्ही स्वतः ठेवूं, आणि जिचा शेला आम्हीं उतरविला तिची क्षमा मागूं. प्रकटीकरणांत वधूचें तलम तागाचें वस्त्र म्हणजे पवित्र जनांचीं नीतिकृत्यें, असें सांगितलें आहे. तें वस्त्र उसनवारीनें मिळत नाहीं.

प्रभु आपणां सर्वांचें कल्याण करो.