थंड मुलखातील सावनी

चैत्र सरला की कोकणातील ओढ्यांच्या काठी तामणाचे वृक्ष फुलू लागतात. फांदीफांदीच्या टोकाशी जांभळे तुरे उभे राहतात आणि पाकळ्यांच्या त्या चुण्या पाहिल्या की कोणी तलम रेशमी वस्त्र मुठीत चुरगाळून झाडावर वाळत घातले आहे की काय, असा भास होतो. महाराष्ट्राने ह्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला, तो उगाच नव्हे. ह्याच तामणाच्या गोत्रातील एक लहान चणीची वनस्पती उत्तर हिंदुस्थानातील बागांत ऐन पावसाळ्यात फुलते. श्रावणाशी नाते सांगणारे ‘सावनी’ हे गोड नाव तिला तिकडे मिळाले आहे. इंग्रजीत तिला क्रेप मर्टल म्हणतात. क्रेप हे चुणीदार कापडाचे नाव. तेव्हा चुरगाळलेल्या वस्त्राची उपमा इंग्रजांनाही सुचली होती, असे दिसते. मेंदी, डाळिंब आणि धायटी ही मंडळीही ह्याच कुळातील. एवढे म्हटले म्हणजे हे घराणे उन्हाला सरावलेले आहे, हे निराळे सांगावयास नको.

शास्त्रीय नावात ‘इंडिका’ असले, तरी सावनीचे मूळ घर मुख्यत्वे चीन होय. चिनी लोकांनी तिला शंभर दिवसांची लाली म्हटले, कारण तिचा बहर महिनोन् महिने ओसरत नाही. तांग राजवटीत, इ. स. ७१३ मध्ये, दरबारच्या एका मोठ्या सचिवालयाला तिच्याच चिनी नावाची ओळख मिळाली होती. जपानी लोकांचे लक्ष मात्र फुलांपेक्षा खोडाकडे गेले. साल गळून पडल्यावर तिचे खोड इतके गुळगुळीत होते की त्यावरून माकडही घसरावे, म्हणून त्यांनी तिचे नाव ‘माकड-घसरण’ अशा अर्थाचे ठेवले! पाश्चात्त्य शास्त्रात तिची नोंद लिनियसने १७५९ मध्ये केली आणि पूर्वेकडील वनस्पती आपल्याला मिळवून देणाऱ्या माग्नुस फॉन लागरस्त्र्योम ह्या स्वीडिश व्यापाऱ्याचे नाव तिच्या वंशाला दिले. ज्या देशात तिचे बारसे झाले, त्या स्वीडनच्या उघड्या बागेत ती धड फुलावयाची नाही, ही त्यातली गंमत.

ती तेथे का फुलत नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. हिवाळा कडक म्हणून, असे कोणीही चटकन सांगेल. पण इंग्लंड आणि उत्तर इटली ह्यांची तुलना करून पाहावी. मिलान शहराचा हिवाळा लंडनपेक्षा अधिक थंड असतो. तरीही त्या बाजूच्या बागांत आणि रस्त्यांच्या कडेला सावनी उन्हाळाअखेर फुलांनी लवून जाते. लंडनच्या सौम्य हिवाळ्यात ती सुखाने जगते, पण फुलावयाचे म्हटले की तिला दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीची ऊब शोधावी लागते. ह्याचे कारण हिवाळ्यात नसून उन्हाळ्यात आहे. सावनीच्या कळ्या त्याच वर्षीच्या नव्या फुटीच्या शेंड्याला धरतात. ती फूट वाढण्यास व पक्व होण्यास कडक ऊन हवे. इंग्लंडच्या उन्हाळ्यात ते पुरेसे मिळत नाही, मिलानमध्ये मिळते. थंड प्रदेशात ह्या झुडपाची हौस करणाऱ्याने आपल्या गावचा किमान तपमानाचा आकडा पाहण्यापूर्वी आपल्या अंगणात जुलै-ऑगस्टमध्ये किती तास ऊन असते, ते मोजावे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात सावनी अठराव्या शतकात पोहोचली आणि तेथील दमट उष्म्यात अशी रमली की ती परकी आहे, हे लोक विसरून गेले. उत्तरेकडे सरकताना मात्र तिच्यापुढे दोन संकटे उभी राहिली. एक अर्थात हिवाळ्याचे. दुसरे भुरीचे. द्राक्षबागाइतदाराला हा रोग सांगावयास नको. पानांवर आणि कळ्यांवर पिठूळ थर चढतो आणि कळी उमलण्याआधीच वाकडी होते. सावली, दमट हवा आणि गार रात्री हे भुरीचे आवडते दिवस. म्हणजे मुलूख जसजसा गार, तसतशी ह्या रोगाला सवड अधिक.

ह्यावरचा उपाय एका जपानी बेटावरून आला. १९५६ मध्ये जॉन क्रीच हे अमेरिकन कृषिखात्याचे वनस्पतिसंग्राहक याकुशिमा बेटावर गेले असता त्यांनी सावनीच्या एका जंगली भावंडाचे बी गोळा केले. हे झाड उंच, दालचिनीच्या रंगाच्या सालीचे. फुले पांढरी आणि बारीक. शोभेच्या दृष्टीने फुलांत काही विशेष नव्हते, पण भुरी त्याच्या वाटेस जात नसे. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ ह्या शास्त्रज्ञाने त्याचा सावनीशी संकर घडवून आणला. अशा कामाला किती काळ लागतो, ह्याची कल्पना तारखांवरून येईल. बी आले १९५६ मध्ये; त्या संकरातून निघालेली पहिली वाणे, ‘नॅचेझ’ आणि ‘मस्कोगी’, लोकांच्या हाती पडली १९७८ मध्ये. मधली बावीस वर्षे पेरणे, पारखणे आणि बहुतेक रोपे फेकून देणे, ह्यातच गेली. एगॉल्फ ह्यांनी आपल्या वाणांना अमेरिकेतील आदिवासी जमातींची नावे दिली, ही त्यांची एक रीत.

ही पहिली वाणे वृक्षाएवढी वाढणारी होती. थंड प्रदेशाच्या कामाची जात त्यानंतर आली. १९८६ मध्ये ‘होपी’, ‘झूनी’, ‘अकोमा’ आणि ‘पेकॉस’ ही मध्यम उंचीची चार वाणे निघाली. त्यांपैकी फिकट गुलाबी फुलांची ‘होपी’ थंडीला विशेष काटक म्हणून नावाजली गेली. आणि एगॉल्फ १९९० मध्ये निवर्तल्यानंतर, त्यांच्याच कामातून, त्या शतकाच्या अखेरीस ‘चिकसॉ’ आणि ‘पोकोमोक’ ही खरोखरची बुटकी झुडपे बाहेर पडली. सात-आठ वर्षांनीही ती दीड-दोन फुटांवर जात नाहीत. उंचीपेक्षा पसरतात अधिक. ज्याने ती घडविली, त्याला ती बागांतून लागलेली पाहता आली नाहीत.

बुटकेपणाचा आणि थंडीचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध मुळाशी आहे, आणि येथे ‘मुळाशी’ हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा. पारा शून्याखाली अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की सावनीच्या जमिनीवरील फांद्या बहुधा मरतात. मुळे मात्र मातीच्या पांघरुणाखाली जिवंत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बुंध्यातून नवे फुटवे फेकतात. बारा-पंधरा फुटांचे वाण असेल, तर त्याची सारी शक्ती पुन्हा उंची गाठण्यात खर्च होते; कळी धरते न धरते तोच शरदातला गारठा तिला गाठतो. ठेंगण्या झुडपाला गाठावयाची उंचीच थोडी. ते आठ-दहा आठवड्यांत आपल्या पुऱ्या मापाला येते आणि ऑगस्टमध्ये फुलून मोकळे होते. सावनीची रोपे सहसा छाटकलमाने, स्वतःच्या मुळांवर वाढविलेली असतात, हीही एक सोय. गुलाबाचे कलम गारठ्याने मेले तर खालून जंगली खुंट फुटतो. येथे खालून जे फुटते ते तेच वाण असते.

अमेरिकेच्या दक्षिणेत उंच सावनी दर वर्षी कमरेएवढ्या उंचीवर सपासप तोडण्याची एक वाईट चाल पडली आहे. तेथील बागप्रेमी तिला चिडून ‘क्रेप मर्डर’, म्हणजे सावनीचा खून, म्हणतात. चिडण्यासारखे आहे खरे, पण त्या खुनाचे मूळ बहुधा खरेदीच्या दिवशीच असते: खिडकीखालच्या चार फूट जागेत वीस फुटांचे झाड लावले की पुढे कुऱ्हाड ठरलेलीच. उत्तरेत मात्र तीच छाटणी झुडपाच्या हिताची ठरते, कारण वरचा भाग थंडीने आधीच मारून ठेवलेला असतो.

लागवडीत फारसे गूढ नाही. रोप वसंतात लावावे, शरदात नव्हे. पहिला हिवाळा येण्यापूर्वी मुळांना पसरण्यास सारा उन्हाळा मिळाला पाहिजे. पाणी न साचणारी, किंचित आम्ल माती चालते. सखल खोलगट जागा टाळावी, कारण रात्रीची थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन तेथे साठते. अधिक जपावयाचे असते ते उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. बहर पाहून हुरळलेला माळी त्या वेळी खत घालतो, पाणी वाढवतो आणि झुडूप लुसलुशीत नवी फूट काढते. ती कोवळी फूट पहिल्याच गोठत्या रात्री काळी पडते. पुष्कळ झुडपे जानेवारीच्या कडाक्याने मेली असे समजले जाते. त्यांचे मरण खरे तर सप्टेंबरातच ओढवलेले असते. म्हणून उन्हाळा अर्धा उलटल्यावर खत बंद, पाणी बेताचे. पाने गळाली तरी काठ्या तोडू नयेत. उडत आलेला पाचोळा आणि पडलेले बर्फ त्या अडवून धरतात, आणि बुंध्याला त्याहून चांगले पांघरूण नाही. जमीन गार पडली की वर हात-दीड वीत सालपटांचे किंवा पाल्याचे आच्छादन घालावे.

आणि मग वाट पाहावी. येथेच सर्वांत अधिक सावन्या बळी पडतात. एप्रिलात शेजारची लिलॅक हिरवी होते, मे महिन्यात गुलाब पालवतात, आणि सावनीच्या काठ्या मात्र तशाच राखाडी, कोरड्या. नखाने साल खरवडावी तर आत तपकिरी. मालक हळहळतो, कुदळ आणतो, आणि जिवंत मुळासकट ते झुडूप उपटून कचऱ्यावर टाकतो. वास्तविक सावनी ही फार उशिरा जागी होणारी वनस्पती आहे. माती चांगली तापल्यावाचून ती डोळे उघडीत नाही. वरची काठी मेली म्हणून मूळ मेले, असे होत नाही. जून अर्धा सरेपर्यंत तिच्यावर निकाल देऊ नये. खालून तांबूस कोंब दिसू लागले, की वरचे मेलेले लाकूड हिरव्या भागापर्यंत किंवा जमिनीपासून वीतभर ठेवून कापून टाकावे, आणि आच्छादन बाजूला सारून बुंध्याला ऊन लागू द्यावे.

जेथे मूळही तगणार नाही इतका हिवाळा कडक, तेथे बुटक्या वाणांनी आणखी एक वाट मोकळी केली आहे. ती मोठ्या कुंडीत लावून उन्हाळाभर अंगणात ठेवता येतात. पाने झडली की कुंडी तळघरात किंवा न तापविलेल्या मोटारखान्यात न्यावी. गारवा शून्याच्या थोडा वर असला म्हणजे झाले. पाने नसल्यामुळे उजेडाची गरज नाही. महिन्यातून एकदोन वेळा मुळे सुकू नयेत एवढेच पाणी द्यावे. उबदार दिवाणखान्यात मात्र ती आणू नये. झोपलेले झुडूप अवेळी जागे होऊन पांढुरकी, लांबट फूट काढते आणि वसंत येण्यापूर्वीच थकून जाते. शेवटची गोठती रात्र होऊन गेली, की कुंडी पुन्हा उन्हात आणावी. तोवर कोकणात तामणाचा बहर ओसरत आलेला असतो, आणि त्या कुंडीतली काठी अजून निष्पर्णच असते.