लग्नाच्या फॉर्मवरचे दोन रकाने

आजचा भाग समलिंगी विवाहावर आहे, आणि धर्माच्या नावाने त्याला जो विरोध होतो त्यावर. विषय ठरला तेव्हा आमच्या बार रूममधले एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "ताई, हे मुंबई-पुण्याचं. वर्ध्यात कापसाच्या भावावर बोला." कापसाच्या भावावरही बोलू कधीतरी. पण गंमत अशी, की त्यांचं म्हणणं आणि केंद्र सरकारचं म्हणणं एकच होतं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केंद्राने लिहून दिलं, की ही मागणी शहरी उच्चभ्रू लोकांची आहे. त्यावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावणीतच विचारलं, की याला सरकारकडे आकडेवारी काय आहे? काही नव्हती.

मग आपल्या भागातलंच सांगते. शेजारच्या यवतमाळला २०१७ च्या डिसेंबरअखेर, म्हणजे कलम ३७७ पूर्ण लागू असताना, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या तिथल्याच एका इंजिनिअरने आपल्या जोडीदाराशी हॉटेलात लग्नाचा सोहळा केला. जोडीदार व्हिएतनामी. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी एकमेकींना अंगठ्या घातल्या, घरच्यांच्या साक्षीने. दोन्ही बातम्या देशभर गाजल्या. आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअर, डॉक्टर, अमेरिका, म्हणजे उच्चभ्रूच की. बरोबर आहे. ज्याच्याकडे हॉटेल बुक करायला पैसे असतात त्याचीच बातमी होते. बाकीचे माझ्यासारखीकडे कागद करायला येतात.

असे दोघे माझ्याकडे आले होते, हिंगणघाटकडचे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलून सांगते. एकाच्या नावावर तीन एकर कोरडवाहू, दुसरा जिनिंगमध्ये कामाला. वीसेक वर्षं एका घरात राहतात. गाव त्यांना जोडीदार म्हणतं. कोणत्या अर्थाने, ते गाव विचारत नाही आणि हे सांगत नाहीत. त्यातला एक मला म्हणाला, "मॅडम, लगन-बिगन नाही करायचं आमाले. पण याले दवाखान्यात भरती केलं का याचा भाऊ येते, सही करते, अन् मले बाहेर बसवते. याच्यावर काही कागद होते का?"

होते. पण अर्धाच होते. मुखत्यारपत्र करून देता येतं. पण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते देणारा मेला किंवा त्याला मनाचं भान राहिलं नाही, की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे माणूस बेशुद्ध पडला, नेमकी तेव्हाच गरज, आणि तेव्हाच कागदाचा भरवसा राहत नाही. मृत्युपत्र करता येतं, दुय्यम निबंधकाकडे नोंदवताही येतं. भाऊ त्याला कोर्टात आव्हान देऊ शकतो, आणि शेतीचा मामला असला की देतोच. मृत्युपत्र नसेल तर वारस म्हणून आई, नाहीतर भाऊ-बहिणी. वीस वर्षं भाकर टाकणारा माणूस वारसांच्या यादीत कुठेच नाही. लग्न झालेल्या बाईला यातलं काहीही वेगळं करून घ्यावं लागत नाही. एका नोंदणीत सगळं येतं. म्हणून मला वाटतं, लग्नाची मागणी ही मिरवायची मागणी नाही. दहा ठिकाणी दहा कागद दाखवावे लागू नयेत, इतकी साधी आहे.

आता धर्माकडे येऊ. आधी एक फरक करते. श्रद्धाळू माणूस म्हणतो, माझ्या धर्मात हे बसत नाही, मी करणार नाही. त्याच्याशी माझं भांडण नाही. मूलतत्त्ववादी म्हणतो, माझ्या धर्मात हे बसत नाही, म्हणून तूही करायचं नाहीस, मग तू माझ्या धर्माचा असो वा नसो. हा दुसरा माणूस सगळ्या धर्मांत सापडतो, आणि या एका विषयावर ते सगळे एकमेकांना सापडतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांची यादी बघा. एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, चर्चच्या संघटना, हिंदुत्ववादी गट. एरवी एका मांडवात न बसणारी मंडळी. डिसेंबर २०१३ मध्ये ते जिंकले. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी तो निकाल उलटवला.

मार्च २०२३ मध्ये लग्नाच्या खटल्याच्या तोंडावर पुन्हा तेच. संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे म्हणाले की विवाह हा स्त्री-पुरुषांतच. जमियत उलेमा-ए-हिंद विरोध करायला कोर्टात गेली. खरं तर त्याच जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवतांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन, अशी माणसं पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जागा हवी, असं सांगितलं होतं. म्हणजे जागा आहे, पण मांडवाबाहेर.

"आपल्या संस्कृतीत नाही" असं म्हणणाऱ्यांनी मनुस्मृती तरी काढून बघावी. मी मनूची चाहती नाही, दीक्षाभूमीच्या इतक्या जवळ राहून ते शक्यही नाही. तिथे अकराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला तर द्विजाला प्रायश्चित्त काय? अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ. आणि त्याच श्लोकात, तेच प्रायश्चित्त, बायकोशी दिवसाउजेडी, पाण्यात किंवा बैलगाडीत संग करणाऱ्यालाही! दुसरीकडे त्याच ग्रंथात कठोर शब्दही आहेत, आणि मुलींच्या बाबतीत तर बोटं छाटण्यापर्यंत मजल जाते. सांगायचं इतकंच, की ग्रंथात सगळंच असतं, निवडणारा काय निवडतो ते बघायचं. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा मात्र मनूची नाही. ती १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेची. आज जी "भारतीय संस्कृती" म्हणून सांगतात ती बऱ्याच अंशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे.

पण माझा मुख्य मुद्दा हा नाही. मुद्दा असा, की या खटल्यात कोणीही भटजींना, काझींना किंवा फादरना म्हणत नव्हतं की आमचं लग्न लावा. सुनावणीच्या सुरुवातीलाच न्यायालयाने सांगितलं, की धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत आम्ही शिरणार नाही. प्रश्न होता विशेष विवाह कायदा, १९५४ चा. हा कायदा कोणासाठी आहे? ज्यांचं लग्न धर्म लावून देत नाही त्यांच्यासाठीच. त्याचा आधीचा अवतार १८७२ चा. त्यात लग्न करणाऱ्यांना लिहून द्यावं लागायचं, की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही. ती अट हिंदू, बौद्ध, शीख, जैनांच्या आपसातल्या लग्नांपुरती १९२३ मध्ये हटली, हरिसिंह गौर यांच्या प्रयत्नाने. हे गौर नागपूरला वकिली करायचे, पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. तेव्हाही सनातन्यांनी आरोळी ठोकली होतीच, धर्म बुडाला म्हणून. धर्माच्या घराबाहेर मुद्दाम वेगळा दरवाजा केला, आणि आता धर्माचे रखवालदार त्याही दरवाजावर येऊन उभे आहेत. तुमच्या देवळात कोणी येत नाही, मग अडवता कोणत्या हक्काने?

आणि लग्नाच्या बाबतीत या जिल्ह्याने तरी "आमच्याकडे असं चालत नाही" म्हणू नये. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं तेव्हा मोठा विरोध झाला. गांधींनी १९२१ मध्ये लिहिलं होतं, की आंतरजातीय विवाहाला बंदी असणं आत्म्याच्या उन्नतीसाठी आवश्यक आहे. तोच माणूस सेवाग्राममध्ये राहिल्यावर म्हणू लागला, की वधू-वरांपैकी एक हरिजन असेल तरच मी लग्नाला आशीर्वाद देईन. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा यांची मुलगी आणि एक दलित तरुण यांचं लग्न आश्रमात लावायचं ठरलं. गोरा देव मानत नाहीत, म्हणून शपथेतला ईश्वर काढून तिथे सत्य हा शब्द घालायला गांधी तयार झाले. लग्न झालं मार्च १९४८ मध्ये, गांधी गेल्यानंतर. इतका धार्मिक माणूस, पण दुसऱ्याच्या लग्नातून देवाचं नाव काढायला त्याला अपमान वाटला नाही.

उगाच गांधींना आपल्या बाजूला ओढत नाही मी. समलिंगी संबंधांना ते अनैसर्गिकच म्हणत. या बाबतीत आधार हवा असेल तर तो मुंबईला आहे. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारले होते, कर्व्यांनी सरळ उत्तरं छापली होती. कर्व्यांचे वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी न्यायालयाला हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा दाखला दिला. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आपल्याकडे जयंतीला सगळं सांगतात, ही गोष्ट क्वचितच सांगतात.

१७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल थोडक्यात. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. लग्न नाही तरी जोडीदारी म्हणून कायदेशीर मान्यता मिळावी, असं चंद्रचूड आणि कौल म्हणाले. भट, कोहली आणि नरसिंह यांनी नाही म्हटलं. तीन विरुद्ध दोन. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. वकील म्हणून मला न्यायालयाची एक अडचण पटते: कायद्यात वयाची अट 'पुरुष २१, स्त्री १८' अशी आहे, पुढे वारसा, पोटगी, सगळीकडे नवरा-बायको. हे शब्द बदलत गेलं तर न्यायालय कायदा लिहायला बसल्यासारखं होईल. ते काम संसदेचं, हे ठीक. पण संसद करणार आहे का? खटल्यात केंद्राने राज्यांना मत विचारलं होतं. आसाम, आंध्र, राजस्थानने विरोध कळवला. महाराष्ट्राने काय कळवलं असेल? वेळ पाहिजे. फुल्यांनी १८७३ मध्ये भटजीशिवाय सत्यशोधक पद्धतीने लग्नं लावली, त्या राज्याला वेळ पाहिजे!

दरम्यान बाहेर काय झालं तेही ऐका. नोव्हेंबर २०२३ मध्ये नेपाळात अशा पहिल्या लग्नाची नोंद झाली. कुठे? काठमांडूत नाही, लमजुंग जिल्ह्यातल्या एका गावपालिकेत. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून लग्नं होतात. बहुसंख्य बौद्धांचा देश. आपल्या विदर्भातल्या विहारांमध्ये यावर बोलायला हरकत नाही.

आता ऐकणाऱ्यांपैकी कोणाला गरज असेल तर कामाचं सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं, की समलिंगी जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच घरातले धरावं. अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलंही बंधन नाही. जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराला मिळावा, यासाठी आरोग्य मंत्रालयानेही राज्यांना लिहिलं. "नातेवाईक नसतील तर" हे शब्द नीट ऐका. ज्याचा भाऊ दारात उभा आहे त्याला यातून काही मिळत नाही. आणि मुलाला "बरं करतो" म्हणणाऱ्या बाबांकडे किंवा डॉक्टरांकडे नेऊ नका. डॉक्टरने असे उपचार केले तर २०२२ पासून तो व्यावसायिक गैरवर्तन ठरतो. बाबांना असा काही नियम नाही, म्हणून जास्त सांभाळा.

हिंगणघाटच्या त्या दोघांना मी नोंदणीकृत मृत्युपत्रं करून दिली, बँकेत नॉमिनी लावायला सांगितलं, आणि दवाखान्यासाठी एक स्वाक्षरीचं पत्र दिलं: माझ्याबद्दल आधी याला विचारा. हे पत्र डॉक्टरवर बंधनकारक नाही, हेही सांगितलं. तो पन्नाशीचा गडी कागद घडी करत म्हणाला, "असू द्या मॅडम. दाखवायले तं होते."

मृत्युपत्र कोऱ्या कागदावर कसं लिहायचं, साक्षीदार कोण घ्यायचे, यावर पुढचा भाग करते. प्रश्न असतील तर पाठवा, नाव नाही दिलं तरी चालेल.