चिरागनगरात लिहिलेला वारणाकाठ



घाटकोपरचं चिरागनगर आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवरचं. इथल्याच एका झोपडीत लेखक अण्णा भाऊ साठे राहिले, लिहीत राहिले.

अण्णा भाऊ मूळचे सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. लहानपणी ते वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. गाव मागे राहिलं... पण लेखणीत उतरलं.

१९५९ साली त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी आली. तिच्यात त्यांच्या गावाकडचं वारणेचं खोरं आहे. इंग्रजांचा अंमल आहे. दुष्काळ आहे.

मांगवाड्यात माणसं उपाशी मरू लागतात. कादंबरीचा नायक फकिरा धान्य लुटतो, भुकेल्यांना वाटतो.

त्या काळी इंग्रजांच्या कायद्याने मांगांसह कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला होता. त्यांना सरकारी हजेरी सक्तीची होती. हा इतिहास ठाऊक नसेल, तर फकिरा नुसता दरोडेखोर वाटेल. तो त्याच्यावर अन्याय ठरेल!

आणि मुंबई? तीही लेखणीत उतरली.

त्यांच्या ‘चिरागनगरची भुतं’ या पुस्तकाच्या नावातच ही वस्ती आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली. तिच्यात गावाकडे राहिलेल्या मैनेचा विरह आहे, आणि मुंबईसाठीचा लढाही.

म्हणजे गाव उतरलं, शहर उतरलं, काळही उतरला.

‘फकिरा’ जवळच्या ग्रंथालयात मागा. घरी मोठ्याने वाचा. तिच्यातली बोली कानांनी ऐकण्यासारखी आहे.